ऑर्किडच्या पिल्लाला फूल कधी येईल?

प्रश्न: डोंबिवलीच्या आमच्या घरी पूर्वेच्या गॅलरीत जांभळ्या-पांढऱ्या फुलांचं डेंड्रोबियम ऑर्किड आहे. नर्सरीतून आणलं तेव्हा फुलांनी भरलेलं होतं. यंदा पावसाळ्यात फुलांची दांडी दिसेल म्हणून रोज बघत होते, तर जुन्या कांडीच्या शेंड्याजवळ दोन पिल्लं फुटली. आता त्यांना पानं आहेत, मुळंही लोंबतायत. ती काढून लावू का? कशात लावू? फूल यायला किती वाट बघायची? सासूबाई म्हणतात, पिल्लं काढली तर आई मरेल.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी सासूबाईंची काळजी मिटवू. पिल्लू तयार झाल्यावर काढलं तर आईचं काही बिघडत नाही. पण त्यांचं लक्ष आईकडे गेलं ते मला फार आवडलं, कारण तुमचं पत्र वाचून मलाही पहिली शंका आईचीच आली.

तुमचं झाड ‘सोनिया’ जातीचं दिसतंय. थायलंडमधून ज्याच्या फुलदांड्या परदेशी जातात, तेच. याच्या कांडीवर पेरापेराशी डोळा असतो. त्यातून फुलांची दांडी निघू शकते, तसं रोपही निघू शकतं. उजेड कमी पडला, पाणी आणि नत्र जास्त झालं किंवा बुडातली मुळं कुजली, की फुलांऐवजी रोपं फुटायला लागतात. एखाददुसरं पिल्लू धडधाकट झाडालाही येतं. तुमच्याकडे मात्र फूल नाही आणि पिल्लं दोन, तेव्हा कुंडीतून आई एकदा अलगद काढून बघाच. चांगलं मूळ दाबलं तर घट्ट लागतं. कुजलेल्याची साल बोटात निसटून येते आणि आत नुसता दोरा उरतो. असली मुळं कापून टाका, कुंडीतला कोळसा बदला, आणि पुढे कुंडी वाळल्याशिवाय पाणी घालू नका.

आता पिल्लं. मुळं बोटभर लांब आणि पानं दोन-तीन झाली की काढायला हरकत नाही. त्याआधी घाई करू नका, आईच्या कांडीवर ती मजेत असतात. पावसाचा जोर ओसरला की एका सकाळी मुळं आधी पाण्याने भिजवून घ्या. कोरडं मूळ वळवायला गेलं की काडकन मोडतं, भिजलेलं वळतं. ब्लेड ज्योतीवर धरून निववा आणि आईच्या कांडीचा छोटा तुकडा पिल्लाबरोबर ठेवून कापा. दोन्हीकडच्या कापावर दालचिनीची पूड लावा, मुळांना मात्र तिचा स्पर्श नको, ती मुळं सुकवते.

कुंडी तीन इंची, मातीची, बाजूला भोकं असलेली. मोठ्या कुंडीचा मोह टाळा, ती वाळत नाही आणि मुळं कुजतात. आत कोळशाचे आणि विटेचे तुकडे, वर हवे तर नारळाच्या सोडणाचे दोन-चार तुकडे. माती अजिबात नको. पिल्लू एका काडीला सुतळीने बांधा. ते हलत राहिलं तर मुळांची हिरवी टोकं घासून मरतात आणि महिना-दोन महिने फुकट जातात. मी सावंतवाडीला राहते. इथे पावसात याहून मोठा शत्रू गोगलगाय. रात्री टॉर्च घेऊन कुंडीच्या तळाशी बघावं लागतं, कारण ती नेमकी ही कोवळी टोकंच खाते.

राहिला फुलांचा प्रश्न. साधारण दोन ते तीन वर्षं. हे ऐकून मन खट्टू होईल, पण या काळात बघण्यासारखं खूप घडतं. कुंडीत लावलेल्या पिल्लाची आहे ती कांडी फारशी वाढत नाही. तिच्या बुडातून नवा कोंब येतो, त्याची कांडी होते, मग तिच्या बुडातून पुढची. प्रत्येक नवी कांडी आधीच्या कांडीपेक्षा उंच आणि जाड झाली तर तुमचं सगळं बरोबर चाललंय. ती आधीपेक्षा बुटकी निघाली तर झाड मागे चाललंय असं समजा आणि मुळं व उजेड तपासा. मी नव्या कोंबाशेजारी पेन्सिलीने तारीख लिहिलेली पट्टी खोचते. पुढच्या वर्षी दोन कांड्या शेजारी उभ्या दिसल्या की दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.

कांडी आईच्या कांडीच्या निम्म्याहून उंच झाली की दांडीची आशा धरा. कधीकधी कोवळं पिल्लूही दोन-चार फुलं देतं, त्यावर हुरळून जाऊ नका. फुलं मात्र हुबेहूब आईसारखीच येतील, कारण पिल्लू बीचं नाही, तिच्याच अंगाचं आहे.

उजेड पानं सांगतात. पोपटी पानं म्हणजे ठीक. गडद हिरवी आणि लुळी असतील तर कुंडी कठड्याकडे सरकवा. पूर्वेचं सकाळचं ऊन या झाडाला मानवतं. वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम पुरे, आणि तेही आधी साधं पाणी देऊन. ‘फुलासाठी ००:५२:३४ खत मारा’ असं दुकानात सांगतील. पिल्लावर ते मारण्यात अर्थ नाही, फुलण्याइतकी कांडीच अजून झालेली नसते.

पानं गळलेली जुनी कांडी मेली म्हणून कापू नका. ती टणक आणि हिरवट असेल तर तिच्यात साठा आहे, तिच्यावर दांडीही येऊ शकते. आमच्या घाटातल्या रानटी डेंड्रोबियमच्या पानं झडलेल्या काड्यांवर जानेवारी-फेब्रुवारीत पांढरी फुलं येतात, तेव्हा झाडावर एक पान नसतं. (ती तिथेच बघा. फांदीवरून ओरबाडून आणलेलं रानटी ऑर्किड घरी क्वचितच जगतं, आणि जंगलातून एक झाड कायमचं जातं.)

प्रश्न: नाशिकला माझ्याकडे फॅलेनॉप्सिस ऑर्किड आहे. दांडीवर पिल्लू येण्यासाठी एक मलम मिळतं असं ऐकलं. लावू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: त्या मलमात पेशी फुटायला लावणारं संप्रेरक असतं, सायटोकायनिन गटातलं. दांडीच्या पेरावरची पातळ साल सोलून डोळ्यावर मोहरीएवढं लावतात. झाडाला किमान चार-पाच जाड, ताठ पानं असतील तरच लावा, आणि तेही एकाच डोळ्यावर. या झाडाला कांडी नसते. साठा असतो तो पानांत आणि मुळांत, त्यामुळे पिल्लाचा भार पानांवर लगेच दिसतो. खालची पानं सुरकुतली तर दांडी तिथेच कापा. पिल्लू नीट वाढलं तर मुळं बोटभर होईपर्यंत दांडीवरच ठेवा, एखादं वर्षही लागू शकतं. नाशिकच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते. त्या दिवसांत पिल्लाच्या मुळांवर सकाळी पाणी फवारा, पण पानांच्या गाभ्यात साचू देऊ नका. तिथे कूज लागली की झाड वाचणं कठीण.