कर्ता सापडत नाही, म्हणजे लक्ष नाही का?

इंग्रजीच्या परीक्षेआधी पोटात गोळा येतो, अशी तक्रार घेऊन आठवीतील एक मुलगी आईसोबत माझ्याकडे आली होती. "हिचं लक्षच नसतं हो, वाक्यातला साधा कर्ता ओळखता येत नाही," असे आईचे म्हणणे होते. ही काळजी मी वारंवार ऐकते आणि लक्षाचा दोष असल्याचे निदान बहुतेक वेळा घरीच होऊन गेलेले असते.

मी तिला ‘द विंडोज वेअर ब्रोकन बाय द बॉय’ हे वाक्य लिहून दिले. तिने पेन्सिल ‘विंडोज’वर टेकवली, मग उचलली आणि ‘बॉय’खाली रेघ ओढली. कारण विचारल्यावर ती हळूच म्हणाली, "फोडल्या त्यानेच ना, मॅडम?"

उत्तर चुकले होते, पण त्यामागचा विचार सरळ होता. कर्ता म्हणजे क्रिया करणारा, हे ती मराठीच्या तासाला शिकली होती. इंग्रजीतील ‘सब्जेक्ट’ मात्र नेहमी क्रिया करणाराच असतो असे नाही, तर ज्याच्या वचनाप्रमाणे ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ ठरते, तो असतो. त्याला सरसकट कर्ता म्हणणे हेच मला घोटाळ्याचे मूळ वाटते; वाक्यपृथक्करणातील ‘उद्देश्य’ हा शब्द अधिक नेमका आहे. ‘मुलाने खिडक्या फोडल्या’ हे वाक्य समोर ठेवल्यावर तिच्याच लक्षात आले की, मराठीतही ‘फोडल्या’ हे रूप मुलाप्रमाणे नव्हे, खिडक्यांप्रमाणे चालते.

मग आम्ही वाक्याचा प्रश्न करून पाहिला. ‘द बॉक्स ऑफ बुक्स इज हेवी’ याचा प्रश्न करताना ‘इज’ ज्या शब्दांना ओलांडून पुढे येते, ते सगळे मिळून उद्देश्य होते, आणि त्यात मुख्य शब्द ‘बॉक्स’ असल्यामुळे जवळ ‘बुक्स’ असूनही ‘आर’ येत नाही. (‘देअर आर टू बुक्स’ यासारख्या वाक्यात ही युक्ती ‘देअर’कडे नेते, शाळेत मात्र ‘टू बुक्स’ हे उत्तर अपेक्षित असते, तिथे वचनच पाहावे.)

"लक्ष दे" असे म्हणण्याऐवजी "यात क्रियापद कोणते?" एवढेच विचारा, असे मी आईला सुचवले. पुढच्या भेटीत मुलीने वही दाखवली. ‘शट द डोअर’ या वाक्याखाली एकही रेघ नव्हती. समासात मात्र पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘यू’ लिहिलेले होते.