कझिन म्हणजे चुलतभाऊ? कोणी सांगितलं?

एका वाचकाने विचारलंय: विन्थ्रॉप विरुद्ध लेचमिअर हा अमेरिकेतला वारसाहक्काचा जुना दावा ते मराठीत मांडताहेत. त्या काळच्या मृत्युपत्रांत आणि पत्रांत ‘कझिन’ दिसलं की ‘चुलतभाऊ’ लिहावं का? आणि ‘ब्रदर’ म्हणजे भाऊच ना?

नाही, आणि दरवेळी नाही. ‘कझिन म्हणजे चुलतभाऊ’ हे समीकरण शाळेत कोणी घोटून घेतलं देव जाणे, पण मावसभावालाही ‘माझा चुलत कझिन’ म्हणणारी माणसं आता राजरोस भेटतात.

आधी दावा बघू. वेट-स्टिल विन्थ्रॉप 1717 साली बोस्टनमध्ये मृत्युपत्र न करता वारला. मागे मुलगा जॉन आणि मुलगी अ‍ॅन. अ‍ॅनचा नवरा टॉमस लेचमिअर. वादातली जमीन कनेक्टिकट या इंग्रज वसाहतीतली. तिथल्या 1699 च्या कायद्याप्रमाणे थोरल्या मुलाला दुप्पट वाटा आणि बाकी भावंडांना सारखा, म्हणजे इथे दोन हिस्से जॉनचे आणि एक अ‍ॅनचा. जॉन म्हणाला, इंग्लंडच्या रिवाजाने जमीन सगळी थोरल्या मुलाची, बहिणीचा संबंध काय? लेचमिअरने बायकोच्या हिश्शासाठी कोर्ट गाठलं. वसाहतीतल्या कोर्टांत जॉन हरला, लंडनला गेला आणि 1728 मध्ये प्रिव्ही कौन्सिलकडून, म्हणजे वसाहतींची अपिलं ऐकणाऱ्या राजाच्या सल्लागार मंडळाकडून, तो कायदाच रद्द करवून आला. ‘आला’ म्हणणंही चूक. तो तिकडेच राहिला आणि 1747 मध्ये तिकडेच वारला. इकडे कनेक्टिकटमध्ये घबराट, कारण त्या कायद्याने झालेल्या सगळ्याच वाटण्या धोक्यात आल्या. 1745 मध्ये क्लार्क विरुद्ध टूसी या दाव्यात कौल पुन्हा फिरला तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला.

यात जॉन आणि लेचमिअर एकमेकांचे मेहुणे. पण त्या काळच्या इंग्रजीत मेहुण्याला सरळ ‘ब्रदर’ म्हणत, आणि ‘मदर-इन-लॉ’ ही सासूइतकीच सावत्र आईही असे. ‘कझिन’ तर भाचा, पुतण्या, पुतणी, कुणालाही लागे. तेव्हा कागदात लिहिलेल्या नात्यावरून वंशावळ मांडू नका. आधी जन्म, लग्न आणि वाटणीच्या नोंदींवरून वंशावळ मांडा, मग नात्याला मराठी शब्द द्या. या घराण्यात तर तेही अवघड, कारण पणजोबा जॉन, आजोबा जॉन, काका फिट्झ-जॉन आणि दाव्यातला पुन्हा जॉन! (‘फिट्झ’ म्हणजे नॉर्मन फ्रेंचमध्ये ‘मुलगा’. जॉनचा पोरगा, एवढाच त्याचा अर्थ.)

आता खरी गंमत. ‘कझिन’ फ्रेंचमार्गे लॅटिन ‘कॉन्सोब्रिनुस’वरून आला, आणि त्याचा नेमका अर्थ मावसभाऊ, सख्ख्या बहिणींची मुलं. त्यातला ‘सोब्रिन’ हा ‘सोरोर’चा, म्हणजे बहिणीचा, आणि ‘सोरोर’ म्हणजे आपली संस्कृत ‘स्वसृ’. हीच स्वसृ ‘मातृष्वसृ’मधून, प्राकृत ‘माउसिआ’ होऊन, मराठीत ‘मावशी’ म्हणून नांदते आहे. कझिन आणि मावशी एका कुळातले! चुलतभावाला लॅटिनमध्ये ‘पात्रुएलिस’ असा वेगळा शब्द होता, तो इंग्रजीत आलाच नाही.

एवढ्यावर भागत नाही. ‘अंकल’ हा ‘अवुन्कुलुस’, म्हणजे मामा. ‘आंट’ ही ‘अमिता’, म्हणजे आत्या. ‘नेफ्यू’ ज्या ‘नेपोस’वरून आला तो संस्कृत ‘नपात्’चा सख्खा, म्हणजे आपल्या ‘नातू’च्या घरातला, सतराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘नेफ्यू’चा अर्थ नातू असाही सापडतो. थोडक्यात, इंग्रजीत मामाने काकाला गिळलं, आत्याने मावशीला आणि मावसभावाने उरलेल्या सगळ्यांना.

यावर आपल्याकडचे विद्वान ठरलेलं वाक्य टाकतात: ‘पाश्चात्त्यांना नात्यांची कदर नाही, म्हणून त्यांच्याकडे शब्द नाहीत.’ साफ खोटं. जुन्या इंग्रजीत काका ‘फॅडेरा’, मामा ‘एआम’, आत्या ‘फाथू’, मावशी ‘मोड्रिये’ असे चारही शब्द स्वतंत्र होते. फ्रान्सकडून नॉर्मन इंग्लंड जिंकून आले आणि पुढच्या काही शतकांत हे शब्द मागे पडले. माझा तर्क असा की याच राजवटीत जमीन एकट्या थोरल्याची असा नियम पक्का होत गेला, आणि धाकट्यांच्या वाट्याला काही येणारच नसेल तर त्यांच्या मुलांना वेगळी नावं ठेवतो कोण? जिथे हिस्से पडतात तिथे नात्यांना नावं टिकतात. भाऊबंदकीने मराठीचा शब्दकोश राखला. भाषाशास्त्राचे लोक म्हणतील की फ्रेंचांनीही हेच शब्द ठेवले, मग तिथलं काय? म्हणोत. वाटणीचा दावा लढलेल्या माणसाला ‘चुलत’ आणि ‘मावस’ यांतला फरक समजावावा लागत नाही, एवढं मी सांगतो.

‘चुलता’ही जाता जाता बघा. तो ‘क्षुल्लतात’, म्हणजे धाकटा बाप. फिट्झ-जॉन हा वेट-स्टिलचा थोरला भाऊ, तेव्हा व्युत्पत्तीला धरून बसलं तर त्याला जॉनचा चुलतासुद्धा म्हणता येणार नाही. इतकं ताणू नये. रूढीने थोरलाही चुलताच.

हां, प्रश्न. फिट्झ-जॉनची मुलगी मेरी, जी पुढे लिव्हिंग्स्टन घराण्यात गेली, ती जॉनची आणि अ‍ॅनची चुलतबहीण. तिथे ‘कझिन’ला ‘चुलत’ बेलाशक लावा. लेचमिअरला ‘मेहुणा’ करा. बाकी ज्या कझिनचं नातं कागदांवरून सिद्ध होत नाही, तिथे ‘नातलग’ लिहा.