लेझर डायोड म्हणजे अधिक तेजस्वी एलईडीच का?

लेझर डायोड म्हणजे भिंगामागे बसवलेला तेजस्वी एलईडीच ना, आणि तो थेट बॅटरीला जोडला तर चालेल ना, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. प्रयोगशाळेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझा याच मुद्द्यावर दीर्घकाळ वाद झाला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन्हींत पी-एन जोडच (दोन प्रकारच्या अर्धवाहकांचा सांधा) असतो, इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकत्र येऊन प्रकाश देतात, त्यामुळे फरक केवळ तेजाचा, असे त्यांचे म्हणणे होते. मी एक लाल लेझर डायोड फोटोडायोडसमोर (प्रकाश मोजणाऱ्या घटकासमोर) बसवला आणि प्रवाह हळूहळू वाढवत नेला. प्रवाहानुसार मिळणाऱ्या प्रकाशाच्या आलेखाची रेषा बराच वेळ जवळजवळ आडवीच सरकत होती. मध्ये कागद धरला तर मंद, पसरट लाली दिसे. एका ठरावीक प्रवाहाशी रेषा एकदम वर वळली आणि कागदावरच्या डागात चमचमणारे बारीक कण उमटले. ही सुसंगत प्रकाशाची, म्हणजे एकाच तालात चालणाऱ्या लहरींची, खूण आहे.

त्या वळणाच्या अलीकडे प्रत्येक फोटॉन (प्रकाशाचा कण) स्वतंत्रपणे, वाटेल त्या दिशेला सुटतो. प्रवाह पुरेसा वाढला, की पातळ थरात वरच्या ऊर्जापट्ट्यात इतके इलेक्ट्रॉन साठतात, की तेथून जाणारा फोटॉन शोषला जाण्याऐवजी हुबेहूब आपल्यासारखा दुसरा फोटॉन बाहेर काढतो. स्फटिकाच्या समोरासमोरच्या कडा आरशांचे काम करतात. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या नुसत्या कडेवरून सुमारे 30 टक्के प्रकाश आत परततो. एका फेरीतील वाढ सर्व घट भरून काढते, तेथेच रेषा वळते. 1962 साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉल यांच्या गटाने असा लेझर चालवला, तेव्हा तो द्रव नायट्रोजनने थंड ठेवून प्रवाहाच्या छोट्या स्पंदांनी चालवावा लागला. खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा लेझर 1970 मध्ये आला, तोही इलेक्ट्रॉन आणि प्रकाश दोघांना मधल्या थरात कोंडणाऱ्या दुहेरी विषमसंधीमुळे (वेगळ्या अर्धवाहकाच्या दोन थरांमध्ये पातळ थर ठेवलेल्या रचनेमुळे). साधा जोड आणि अधिक तेज एवढेच पुरेसे असते, तर मधली आठ वर्षे लागलीच नसती.

अर्थात वळणानंतरही थोडा एलईडीसारखा प्रकाश उरतोच, आणि स्वस्त डायोडच्या वर्णपटात एकाऐवजी जवळजवळच्या अनेक रेषा असतात.

बॅटरीला मात्र थेट जोडू नका. व्होल्टेज किंचित वाढले तरी प्रवाह झपाट्याने वाढतो आणि प्रकाश बाहेर पडणारी कडाच जळते. स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर, म्हणजे प्रवाह ठरावीक ठेवणारा परिपथ, वापरा. डायोड अवरक्त असेल तर विशेष जपा, कारण त्याचा प्रकाश दिसत नसल्यामुळे डोळे आपोआप मिटत नाहीत.