एका ट्यूबवर लिनियर चालतो का? चालतो, आणि दुसरीच्या मागे लागू नका

तुमची कहाणी थोडक्यात अशी: एका दिवंगत सिनियर हॅमच्या (हौशी रेडिओवाल्याच्या) घरच्यांकडून हीथकिटचा एसबी-२२० हा लिनियर, म्हणजे रेडिओ सेटची पॉवर वाढवणारा अँप, घेतलात, आत ३-५००झेड जातीची ट्यूब एकच आहे, शेजारचं सॉकेट रिकामं. दुरुस्तीवाला म्हणतो, असाच चालू केलात तर ट्रान्सफॉर्मर जळेल, दोन्ही नव्या मॅच्ड (मोजून जुळवलेल्या) ट्यूब घ्या. मलाही हेच ऐकवलं होतं, जवळपास याच शब्दांत. माझा एसबी-२२० कित्येक वर्षं एका ट्यूबवर चालतोय. ट्रान्सफॉर्मर जळायचा प्रश्नच नाही, त्याच्यावरचा भार निम्मा झालाय.

हाय व्होल्टेजची काळजी कशी घ्यायची हे तुम्हाला येतं असं धरतो. येत नसेल तर कुणा जाणत्याला शेजारी बसवल्याशिवाय झाकण काढू नका. आतले ८ इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मिळून ३००० व्होल्टला शंभरावर ज्यूल धरून असतात. झाकण उचललं की एचटी (म्हणजे तेच हाय व्होल्टेज) शॉर्ट करणारी पट्टी आहे, पण मी तिच्यावर विसंबत नाही, काठीला लावलेली अर्थची वायर वेगळी ठेवतो.

आधी त्या घरच्यांना विचारा, काढलेली ट्यूब कुठे माळ्यावर आहे का. ३-५००झेडच्या पिनांमधलं सोल्डर उष्णतेनं सैल होतं आणि फिलामेंट तुटल्यासारखं दिसतं. १ आणि ५ नंबरच्या पिना मीटरवर जवळजवळ शॉर्ट दिसायला हव्यात. तिथं ओपन दिसलं तर ट्यूब फेकू नका. त्या दोन पिना साफ करून, वरच्या तापमानाला वितळणारं सोल्डर भरून पाहा. फिलामेंट आणि ग्रिड (२, ३, ४) यांच्यात मात्र काहीही दिसता कामा नये. तिथं शॉर्ट असेल तर ती शोकेसमध्ये ठेवायची.

आता फिलामेंट. एसबी-२२० मध्ये दोन्ही फिलामेंट समांतर आहेत, एकीला ५ व्होल्ट आणि साधारण १५ अँपिअर. एक काढली की त्या वाइंडिंगवरचा भार निम्मा होतो आणि उरलेलीला व्होल्टेज जास्त मिळतं. ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर गेलं की ट्यूबचं आयुष्य घटतं. पण अंदाजानं काही करू नका, आधी मोजा. हा अँप २४० व्होल्टला जोडायचा आहे आणि आपल्याकडे २३० म्हणवतात, त्यामुळे मुळातच थोडं कमी असतं आणि कधीकधी हिशोब आपोआप जुळतो. माझ्याकडे दुपारी सगळं ठीक दिसायचं. रात्री अकरानंतर सोसायटीतला भार उतरला, लाइन २४५ च्या पुढे गेली की सॉकेटवर ५.३ च्या वर. म्हणजे रात्रीही मोजा, नाहीतरी ४० मीटरचा बँड तेव्हाच उघडतो.

मोजताना एचटी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या वायरी सोडवून टेप करून बाजूला ठेवा, कारण या मशीनमध्ये एकाच स्विचवर दोन्ही चालू होतात. मीटर ट्रू आरएमएस हवा, आणि टोकं सॉकेटच्या पिनांवर, ट्रान्सफॉर्मरवर नाही. जास्त भरलं तर फिलामेंट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत २२ किंवा ३३ ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. पुण्याच्या तपकीर गल्लीत सिमेंटचा मिळतो, चहाच्या पैशात. पंख्याची वायर त्या रेझिस्टरच्या आधीच घ्या, नाहीतर पंखाही मंदावेल.

(तुमचा अँप दुसऱ्या कंपनीचा असता तर आधी सर्किट बघायला सांगितलं असतं. काहींमध्ये फिलामेंट सिरीजमध्ये असतात, तिथं एक काढली की दुसरी पेटतच नाही. आणि ज्यांच्या अँपमध्ये ८११ए जातीच्या चार लहान ट्यूब आहेत त्यांनी एक गेली म्हणून एवढी चिंता करायची गरज नाही, तिघी काम भागवतात.)

रिकाम्या बाजूची प्लेटची क्लिप लोंबकळत ठेवू नका. ट्यूब नसली तरी तिच्यावर पूर्ण एचटी असतं. इन्सुलेशन टेप गुंडाळलेले अँप मी पाहिलेत, झाकणाच्या आतल्या बाजूला काळा ठिपका हमखास असतो. पॅरासिटिक सप्रेसरसकट (क्लिपजवळची छोटी कॉइल-रेझिस्टरची जोडी) ती वायर चोकच्या टोकाकडून सोडवा, पाकिटात घाला आणि पाकीट आतच चिकटवा, म्हणजे पुढच्या मालकाला सापडेल. ट्यूबभोवती काचेच्या चिमण्या (हवा वर नेणारी नळकांडी) असलेल्या अँपमध्ये रिकाम्या सॉकेटचं भोकही बंद करावं लागतं, नाहीतर सगळी हवा तिथून पळते. एसबी-२२० ला पंखा आडवा वारा मारतो, तिथं हा प्रश्न नाही.

ट्यूनिंग बदलतं. ढोबळ हिशोबानं प्लेटला लागणारा लोड दुप्पट होतो, दोन हजार ओहमच्या आसपासवरून चार हजारांच्या आसपास. ट्यूनचा नॉब जवळपास जुन्याच जागी राहतो, लोडचा कंडेन्सर मात्र जास्त आत घ्यावा लागतो. ८० मीटरच्या बँडवर तो पुरता आत जाऊनही कमी पडू शकतो. आउटपुटच्या ट्यून सर्किटचा (टँकचा) क्यू वाढतो, म्हणजे ट्यूनिंग अरुंद होतं, म्हणून थोडं क्यूएसवाय केलं (फ्रिक्वेन्सी बदलली) तरी पुन्हा ट्यून करावं लागतं. स्विच सीडब्ल्यूच्या (मोर्सच्या) बाजूला ठेवा, एसएसबी (आवाजी बोलणं) करतानाही. तिथं एचटी कमी असतं, त्यात एका ट्यूबच्या भारानं ते फारसं खाली येतही नाही.

ड्राइव्ह, म्हणजे रिगमधून (रेडिओ सेटमधून) अँपला येणारी पॉवर, निम्म्याहून कमी करा. ट्यूब एकच असली तरी रिग तिच्यावर १०० वॅट ओतायला तयारच असतो, आणि ग्रिड त्यातच जाते. जुन्या मॅन्युअलमधला ग्रिड करंटचा आकडा दोन ट्यूबचा आहे, तो निम्मा धरा. इनपुटचा इम्पिडन्सही साठ ओहमच्या जवळून सव्वाशेच्या जवळ जातो, त्यामुळे रिग एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली त्याचं माप) २ दाखवून पॉवर खाली आणेल. इनपुट कॉइल फिरवून ते जमतं. मी फिरवल्या नाहीत, मला चाळीसच वॅट लागतात.

आता जी गोष्ट दुरुस्तीवाले कधी सांगत नाहीत ती. आपल्या हॅम लायसन्सच्या जनरल ग्रेडला एचएफवर (शॉर्टवेव्हवर) मर्यादा ४०० वॅटची. तुमच्या लायसन्सवर काय छापलंय ते वाचा, मी वकील नाही. डीसी इनपुट धरलं तर २४०० व्होल्टला हे साधारण १६५ मिलिअँपिअर होतात. एका ३-५००झेडची मर्यादा ४०० मिलिअँपिअर, प्लेट ५०० वॅट उष्णता सोसते. म्हणजे आपल्याला कायद्यानं जेवढं चालवता येतं, ते एक ट्यूब आळस देत करते. डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) थोडा वेळ पूर्ण ट्यून करायचं, मग ड्राइव्ह उतरवायचा. एफिशियन्सी घटते, ट्यूबला काही होत नाही. दुसरी हवी कशाला? अमेरिकन लोकांच्या दीड किलोवॅटच्या गप्पा ऐकून आपण मॅच्ड पेअर शोधत बसतो.

मीही शोधली. आणि इथंच माझे सगळ्यात जास्त पैसे गेले, ट्यूबवर नाही, तिला सोडवण्यात. परदेशातल्या विक्रेत्यानं इन्व्हॉइसवर लिहिलं ‘ट्रान्समिटिंग ट्यूब’. पार्सल सोडवणाऱ्या एका कार्यालयात (नाव लिहीत नाही, तिथं अजून काम पडतं) टेबलावरच्या साहेबांनी पहिला शब्द वाचला आणि पार्सल ट्रान्समीटरच्या रांगेत टाकलं. आयातीचं लायसन्स आणा. मी म्हटलं, साहेब, ही काचेची ट्यूब आहे, हिला ना मायक्रोफोन ना अँटेना. ते म्हणाले, रेडिओची आहे ना? मग आणा. हॅम लायसन्सची झेरॉक्स दिली तर म्हणाले, हे चालवायचं आहे, आणायचं नाही. पार्सल गोदामात, भाडं रोज चढतंय, फोन लावला की “साहेब मीटिंगमध्ये”. टॅरिफच्या पुस्तकात ट्रान्समीटर ८५२५ मध्ये आणि व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूब, ८५४० मध्ये अगदी वेगळे छापलेत. ते पान मी पिवळं करून समोर ठेवलं, तर त्यांनी ते उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर माझाच फोन नंबर लिहून घेतला. शेवटी दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी पान वाचलं आणि पार्सल सुटलं.

खोक्यावर तपासणीची नवी टेप, थर्माकोलचे साचे उलटसुलट, ट्यूब आडवी. हलवली तर आत किणकिण. थोरिएटेड टंगस्टनचं फिलामेंट ठिसूळ असतं, ट्यूब उभीच न्यावी लागते. सही आधीच घेतलेली, त्यामुळे भरपाईचा प्रश्न संपला.

तरीही मागवायचीच असेल तर विक्रेत्याला आधीच सांगा: इन्व्हॉइसवर ‘इलेक्ट्रॉन ट्यूब, ८५४०’ लिही. यात लबाडी काही नाही, ती तीच आहे. खोकं सही करण्यापूर्वी उघडायला लावा, नाही म्हणाले तर तसं लिहून घ्या. हे माझ्या अनुभवावरून, नियम बदलले असतील तर एखाद्या एजंटला विचारा. जुन्या बाजारात कधीमधी ८११ए, ८०७ या ट्यूब दिसतात, पण तिथं ३-५००झेड मिळेल या आशेवर रविवार घालवू नका.

तुमची ट्यूब बरीच वर्षं पडून असेल तर पहिल्याच दिवशी एचटी देऊ नका. एचटीची प्रायमरी सोडवलेलीच ठेवून दिवसभर नुसतं फिलामेंट तापू द्या, मग कमी एचटीवर हळूहळू. प्लेट मंद लाल झाली तर घाबरू नका, या ट्यूबचं ते नेहमीचंच आहे, आतला उरलासुरला वायू तीच प्लेट शोषून घेते.

सॉकेटवरचं व्होल्टेज दुपारचं आणि रात्रीचं, दोन्ही लिहा. ८० मीटरला लोड पुरला नाही तर तेही सांगा, तिथं समांतर कंडेन्सर किती पीएफचा लावायचा ते आकडे पाहूनच ठरवता येईल.