विश्वास बसणे आणि विश्वास टाकणे

प्रश्न : गेल्या वर्षी माझे वडील दीर्घ आजारानंतर प्रभूच्या घरी गेले. ते बरे व्हावेत म्हणून आम्ही सर्वांनी उपवास-प्रार्थना केल्या होत्या. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की, ‘हे ऐकणारा कोणी आहे का?’ असे मनात येते. अशातच आमच्या पाळकांनी मला, कारागृहातील स्त्रियांना आठवड्यातून एकदा पवित्र शास्त्र वाचून दाखवण्याच्या सेवेत याल का, असे विचारले आहे. जावेसे वाटते, पण ज्याची मलाच खात्री नाही ते दुसऱ्यांना सांगणे ढोंग ठरेल, असेही वाटते. संशय धरणाऱ्याला प्रभूपासून काही मिळणार नाही, असे याकोबाच्या पत्रात लिहिलेच आहे. मग संशय फिटेपर्यंत थांबावे काय? (एक भगिनी)

उत्तर : ताई, थांबू नका. एरवी एवढ्यावर भागले असते. पण तुम्ही याकोबाचे वचन पुढे केले आहे, म्हणून कारणेही द्यायला हवीत.

वडील का बरे झाले नाहीत, याचे स्पष्टीकरण देण्याच्या भरीस मी पडणार नाही. मुले आणि मालमत्ता गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस मुकाट्याने जमिनीवर बसले, तोवरच ते शहाणे होते.

आपल्या मराठीत विश्वास बसतोही आणि विश्वास टाकताही येतो. बसणे आपल्या हाती नसते. तो झोपेसारखा असतो, आला तर आला. टाकणे मात्र आपण करतो, आणि पुष्कळदा मन कुरकुरत असतानाच करतो. विश्वास आधी बसावा आणि मगच तो टाकावा, असा क्रम तुम्ही धरून बसला आहात; पवित्र शास्त्रात पाऊल उचलणाऱ्या अनेकांच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा दिसतो.

अशा वेळी, येशूकडे पाण्यावर चालत जाताना घाबरून बुडू लागलेल्या पेत्र या शिष्याचे उदाहरण देण्याचा प्रघात आहे. मला यिर्मया संदेष्टा अधिक जवळचा वाटतो. त्याच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय सावकाश वाचा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, नगर पडणार असे यिर्मया स्वतःच सांगत आला आहे आणि त्यामुळेच राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडले आहे. तेथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथ येथील आपले शेत विकत घे म्हणतो. लवकरच बुडणाऱ्या राज्यातली ती जमीन! तरीही परमेश्वराची आज्ञा आहे म्हणून यिर्मया १७ शेकेल रुपे तराजूत तोलून देतो, खरेदीखतावर सही करतो, साक्षीदार घेतो आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात ठेवण्यास आपला लेखनिक बारूख याला सांगतो. व्यवहारात कसलीही कसर नाही. हे सगळे पार पडल्यावर मात्र तो प्रार्थनेला बसतो आणि त्याच्या मनातले बाहेर येते : नगर शत्रूच्या हाती जात आहे, आणि तू मला शेत विकत घ्यायला सांगतोस! संशय येथे पावलाच्या आधी नाही, नंतर आला. पण व्यवहार मोडण्यासाठी यिर्मया हनामेलाकडे गेला नाही. गाऱ्हाणे घेऊन तो परमेश्वराकडेच गेला. प्रार्थनेत तुमच्या मनात जो प्रश्न उठतो, तो तेथेच, त्यालाच विचारा. तो विचारणे हीही प्रार्थनाच आहे.

आता याकोबाचे वचन. पहिल्या अध्यायात ज्याची तो कानउघाडणी करतो त्याला तो ‘द्विबुद्धीचा’ म्हणतो, आणि हाच शब्द चौथ्या अध्यायात पुन्हा वापरतो तेव्हा विषय जगाशी मैत्री राखून देवालाही धरून ठेवू पाहणाऱ्यांचा असतो. म्हणजे याकोबाचा रोख दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्या माणसावर आहे. वडिलांच्या मृत्यूने हादरूनही रोज प्रार्थनेला बसणारी मुलगी त्या वर्गात मोडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही ज्याला संशय म्हणता त्यातला बराचसा भाग शोकच असावा, अशीही मला शंका आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाची अखेर पाहा. पुनरुत्थित येशूला डोंगरावर पाहून शिष्यांनी नमन केले, ‘पण काहींना संशय वाटला’ असे तेथे प्रांजळपणे नोंदलेले आहे. तेथील मूळ ग्रीक क्रियापद संपूर्ण नव्या करारात दोनदाच येते : एकदा बुडणाऱ्या पेत्रासाठी आणि एकदा येथे. पेत्राला प्रभूने आधी हात दिला आणि मग ‘संशय का धरलास?’ असे विचारले; डोंगरावर तर त्याने संशयितांना वेगळे उभेही केले नाही. सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा सगळ्यांना एकत्रच मिळाली.

राहता राहिला ढोंगाचा प्रश्न. नसलेली खात्री आव आणून सांगणे हे ढोंग. वाचून दाखवणे हे ढोंग नव्हे. एकदा एका मरणासन्न गृहस्थांच्या उशाशी मला प्रार्थनेसाठी बोलावले होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी ८८ वे स्तोत्र उघडून वाचले, जे अंधारातच संपते आणि ज्याच्या शेवटी समाधानाची एक ओळही नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पुटपुटत सांगितले, ‘पुन्हा वाचा.’ माझ्या खात्रीची त्यांनी चौकशी केली नाही. कारागृहातील स्त्रियाही बहुधा करणार नाहीत, आणि एखादीने केलीच तर तिला खरे सांगा. मात्र सुरुवात करण्यापूर्वी तुमची ही अवस्था पाळकांच्या कानावर घाला आणि पहिले काही आठवडे सोबत एखादी अनुभवी भगिनी मागून घ्या.

प्रश्न : नोकरी सोडून पूर्ण वेळ प्रभूच्या सेवेत उतरावे असे मला तीव्रतेने वाटते. घराचे कर्ज अजून फिटलेले नाही आणि पत्नीची संमती नाही. गिदोनाने लोकर ठेवून चिन्ह मागितले, तसे मी मागावे काय? (एक वाचक)

उत्तर : मागू नका. मिद्यानी शत्रूंपासून इस्राएलाला सोडवण्याची आज्ञा गिदोनाला आधीच मिळालेली होती; ‘तू म्हटल्याप्रमाणे’ असे तो लोकर ठेवताना स्वतःच म्हणतो. दव फक्त लोकरीवर पडावे आणि जमीन कोरडी राहावी, असे त्याने मागितले; पहिल्या रात्रीच्या लोकरीतून वाटीभर पाणी पिळून काढल्यावरही त्याचे समाधान झाले नाही, दुसऱ्या रात्री त्याने उलटी अट घातली. देवाने त्याला सांभाळून घेतले, एवढाच त्याचा अर्थ. इतरांनी गिरवावा असा तो कित्ता नाही.

वरच्या भगिनीला मी ‘थांबू नका’ म्हटले आणि तुम्हाला थांबा म्हणतो आहे, यात विसंगती नाही. तिचे पाऊल चुकले तर तिची एक संध्याकाळ जाईल. तुमचे चुकले तर घर जाईल, आणि ते तुमच्या एकट्याचे नाही. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभूनेच सांगितले आहे, आणि मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचे सैतानाचे आव्हान त्यानेच नाकारले आहे. करिंथ येथे प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरत होता आणि दर शब्बाथाला सभास्थानात बोलतही होता. तेवढी सोय तुम्हालाही आहे. राजीनामा तूर्त खणात राहू द्या, आणि नेमकी भीती कशाची वाटते, हे पत्नीला विचारून तिचे बोलणे मध्ये न तोडता ऐकून घ्या.