कॅनडासारख्या उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतल्या पीटभूमीत (म्हणजे पीट, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, साठलेल्या दलदलीत) वणवा पेटून गेल्यावर जमिनीतला कार्बन परत भरून निघतो का? किती काळात?

हो, भरून निघतो, पण पीट ओलं राहिलं असेल तरच, आणि तेव्हाही साधारण शंभर वर्षं धरून चाला. हिशेब सरळ आहे. नेहमीच्या वणव्यात वरचा 5 ते 10 सेंटीमीटरचा थर जळतो, म्हणजे दर चौरस मीटरमागे अंदाजे 2 ते 3 किलो कार्बन जातो. उलट निरोगी दलदलीत वर्षाला साठतो तो जेमतेम 20 ते 30 ग्रॅम. त्यातही सुरुवातीची वर्षं तोट्याचीच. झाडोरा गेलेला, काळी पडलेली जमीन तापलेली आणि आतलं कुजणं मात्र चालूच. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या दलदलींच्या मोजमापांत हा तोटा थांबायला सुमारे 13 वर्षं लागली आणि साठवणुकीचा वेग शिखरावर पोहोचला तो आगीनंतर सुमारे 75 वर्षांनी. त्यामुळे चार-पाच वर्षांत हिरवळ दिसली म्हणून कार्बन परतला असं कृपया समजू नका. खरं काम स्फॅग्नम शेवाळाचं असतं. ते पाणी धरून ठेवतं, सावकाश कुजतं आणि त्याचाच पुढे नवा पीट होतो.

एक अपवाद महत्त्वाचा: चर खणून पाणी काढलेली पीटभूमी. तिथे आग खोल धुमसते. अल्बर्टातच अशा एका जागी चौरस मीटरमागे जवळपास 17 किलो कार्बन गेला, म्हणजे सुमारे 450 वर्षांची साठवण. अशा ठिकाणी आधी चर बुजवून पाण्याची पातळी वर आणावी लागते. नाहीतर शेवाळाऐवजी झुडपं माजतात आणि जमीन पुन्हा पेटायला तयार होते.