जाड तबकडी, क्षीण आवाज

प्रश्न : जुन्या तबकड्यांमधली एक चांगली पाव इंच जाड आहे. ७८ ला (मिनिटाला ७८ फेरे) लावली, तर आवाज अगदी क्षीण येतो. तबकडी खराब झाली का?

उत्तर : बहुधा नाही. पाव इंच जाडी म्हणजे ती एडिसनची डायमंड डिस्क (१९१२ ते १९२९) असण्याची शक्यता मोठी. नेहमीच्या लाखेच्या तबकडीत खाच डावी-उजवीकडे डुलते. एडिसनच्या तबकडीत ती खाली-वर जाते. मोनो जोडणीत (दोन्ही चॅनेल एकत्र केल्यावर) ही खाली-वर हालचाल आपोआप रद्द होते, म्हणून संगीत गायब आणि खरखर तेवढी उरते.

उपाय सोपा आहे. स्टिरिओ कार्ट्रिजमागच्या (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग) उजव्या चॅनेलच्या लाल व हिरव्या तारांची अदलाबदल करा आणि मग दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो ऐका. घुरघुर वाढली, तर तारा पूर्ववत करून डाव्या चॅनेलच्या पांढऱ्या-निळ्या बदला. कारण काही कार्ट्रिजांत एका चॅनेलची अर्थिंगची तार बाहेरच्या आवरणाला जोडलेली असते. वेग ८० ठेवा, ७८ वर सूर किंचित उतरतो. एलपीची सुई मात्र काढाच. ती खाचेच्या तळाशी घासते. ७८ साठीची, सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई हवी.

जुन्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने ही तबकडी कधीच वाजवू नका. खाच कायमची खरवडली जाते. पाण्यानेही धुऊ नका, कडेतून ओल शिरून थर सुटतो. कोरडा मऊ ब्रश पुरे. लाखेच्या तबकड्यांना उलट स्पिरिट वर्ज्य, लाख त्यात विरघळते.